उलाढाल, उत्पन्न, वजावट, रिबेट, टीडीएस: कुठला शब्द कुठल्या आकड्याला?

वायरमन

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आणि मोटर रिवाइंडिंग, तालुक्याचं गाव. विवरणपत्र आतापर्यंत दुसऱ्याकडून भरून घेतलं, यंदा आकडे स्वतः समजून घ्यायचे आहेत. पण शब्दांतच गाडी अडते. आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आकडे असे:

दुकान: वर्षाची विक्री आणि मजुरी मिळून ६२ लाख. त्यातले ४१ लाख यूपीआय, एनईएफटी आणि क्रॉस चेकने, २१ लाख रोख. बाजूचा गाळा भाड्याने दिला आहे, महिना ९,०००. त्याची नगरपालिकेची घरपट्टी वर्षाला ६,०००, ती मीच भरतो. बँक आणि पतसंस्था मिळून ठेवीचं व्याज ३८,०००. टीडीएस कुठेही कापलेला नाही. एलआयसीचा हप्ता ४८,०००.

पत्नी वास्तुविशारद. तिची फी १४,६०,००० जमा. पैकी ९,२०,००० कंपन्यांकडून आले, त्यांनी १० टक्के म्हणजे ९२,००० टीडीएस कापला.

प्रश्न:
१. "१२ लाखांपर्यंत कर नाही" यातले १२ लाख कुठले? विक्री ६२ लाख आहे, मग मी त्यात बसतो का?
२. सूट, वजावट आणि रिबेट हे तिन्ही एकच का?
३. पत्नीचा ९२,००० कर भरून झाला, म्हणजे तिचं विवरणपत्र भरायची गरज उरली का?
४. व्याजावर टीडीएस नाही म्हणजे ते करमुक्त का?

---

रोजमेळ

चारही प्रश्नांचा घोळ एकाच ठिकाणी आहे. आयकरातला प्रत्येक शब्द म्हणजे जिन्याची एकेक पायरी. वरून खाली उतरत यायचं, पायरी चुकली की आकडा चुकला. तुमचेच आकडे घेऊन उतरू.

उलाढाल. ६२ लाख. हे उत्पन्न नाही. १२ लाखांशी याची तुलना करायचीच नाही. उलाढालीचं काम एवढंच की तुम्ही कुठल्या नियमात बसता हे ठरवणं.

नफा. इथे दोन वाटा आहेत. एक म्हणजे खरीद, पगार, वीजबिल, घसारा (यंत्रांची झीज) सगळं लिहून हिशेबाच्या वह्यांवरून नफा काढायचा. दुसरी म्हणजे अनुमानित करआकारणी, १९६१ च्या कायद्यातलं कलम ४४एडी. उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर रोख जमेवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या जमेवर ६ टक्के नफा धरायचा. (एकूण जमेत रोख ५ टक्क्यांहून जास्त नसेल तर मर्यादा ३ कोटी. तुमची रोख जवळजवळ ३४ टक्के, म्हणून तुम्हाला २ कोटींचीच. त्याने तुमचं काही अडत नाही.)

४१ लाखांचे ६ टक्के = २,४६,०००
२१ लाखांचे ८ टक्के = १,६८,०००
धंद्याचा नफा = ४,१४,०००

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, उधारी. मार्चच्या बिलाचे पैसे मे महिन्यात बँकेत आले तरी त्याला ६ टक्केच, फक्त ते विवरणपत्राच्या मुदतीच्या आत यायला हवेत. दुसरं, बेअरर चेक. तो बँकेतून वटला तरी या हिशेबात ८ टक्क्यांतच जातो, अकाउंट पेयी म्हणून क्रॉस केलेला असेल तरच ६. तिसरं, ४,१४,००० काढल्यावर त्यातून पुन्हा दुकानाचं भाडं, पोऱ्याचा पगार, रिवाइंडिंग मशीनचा घसारा वजा करणं. ते सगळं त्या ६ आणि ८ टक्क्यांत धरलेलं असतं. घसारा तर मिळाला असं समजून मशीनची किंमतही दरवर्षी कमी धरली जाते. दहा वर्षांनी वह्यांवर परत आलात तरी ती मूळ किंमत परत मिळत नाही.

६ आणि ८ हा किमान आकडा आहे. खरा नफा ९ लाख असेल तर ९ लाख लिहायचा. कागदावर ४ लाख आणि त्याच वर्षी ११ लाखांचा प्लॉट रोखीने, असं दिसलं की प्रश्न येतोच.

उत्पन्नाचे प्रकार. कायद्यात पाच: पगार, घर-मालमत्ता, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा, इतर स्रोत. गाळ्याचं भाडं "घर-मालमत्ता" मध्ये जातं. घर नसून गाळा आहे म्हणून धंद्यात टाकू नका.

भाडं १,०८,०००
वजा घरपट्टी ६,००० (तुम्ही भरलेली, आणि त्याच वर्षात भरलेली)
उरले १,०२,०००
वजा ३० टक्के ठरावीक वजावट ३०,६००
घर-मालमत्तेचं उत्पन्न ७१,४००

ही ३० टक्के खर्च केला असो वा नसो मिळते, कराच्या जुन्या आणि नव्या अशा दोन प्रणालींपैकी नव्या प्रणालीतही मिळते. गळती काढायला ५०,००० लागले तरी ३०,६००च.

ढोबळ एकूण उत्पन्न. ४,१४,००० + ७१,४०० + व्याज ३८,००० = ५,२३,४००.

वजावट. याच पायरीवर एलआयसी, आरोग्यविमा वगैरे वजा होतं, पण जुन्या करप्रणालीत. नवी प्रणाली आता आपोआप लागू असते आणि तिथे ८०सी, म्हणजे एलआयसीसारख्या गुंतवणुकीच्या वजावटीचं कलम, नाही. म्हणजे तुमचे ४८,००० नव्या प्रणालीत कुठेच दाखवायचे नाहीत.

एकूण उत्पन्न, ज्याला बोलण्यात करपात्र उत्पन्न म्हणतात: ५,२३,४००. प्रसिद्ध १२ लाखांची तुलना या आकड्याशी. पगारदाराला पगारातून आधी ७५,००० प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्याच्यासाठी १२.७५ लाख ऐकू येतं. धंदेवाल्याला ते ७५,००० नाहीत.

कर. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत शून्य, पुढे ८ लाखांपर्यंत ५ टक्के, १२ पर्यंत १०, १६ पर्यंत १५, २० पर्यंत २०, २४ पर्यंत २५, त्यावर ३०. तुमचा: १,२३,४०० चे ५ टक्के = ६,१७०.

रिबेट. कलम ८७ए. एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर नव्या प्रणालीत ६०,००० पर्यंतचा कर माफ. ६,१७० माफ, देय शून्य.

आता सूट, वजावट, रिबेट वेगळे दिसतील. सूट मिळालेली रक्कम बेरजेत येतच नाही, उदा. शेतीचं उत्पन्न. वजावट बेरजेतून वजा होते. रिबेट करातून वजा होतो. म्हणून "मला १२ लाखांची सूट आहे" हे वाक्य चुकीचं. १२ लाखांवर थोडं गेलात तर हिशेब बघा. १२,१०,००० वर टप्प्यांप्रमाणे कर ६१,५०० येतो. पण वरचं उत्पन्न फक्त १०,०००, म्हणून सीमांत सवलतीने कर १०,००० वर थांबतो, अधिक करावर लागणारा ४ टक्के उपकर ४००.

आणि कर शून्य म्हणजे विवरणपत्र नको असं नाही. तुमचं उत्पन्न ४ लाखांच्या वर आहे, रिबेट मागायचा तर विवरणपत्र भरावंच लागतं.

---

खतावणी

टीडीएसचं मी लिहितो.

टीडीएस म्हणजे तुमच्या नावावर दुसऱ्याने आगाऊ भरलेले पैसे. तो अंतिम कर नव्हे. कापणाऱ्याला तुमचं एकूण उत्पन्न ठाऊक नसतं, तो कलमात लिहिलेला दर लावून मोकळा होतो.

वहिनींचं: वास्तुविशारद हा ४४एडीए (व्यावसायिकांसाठीचं अनुमानित कलम) मधला नावानिशी लिहिलेला व्यवसाय आहे. फी ५० लाखांच्या आत (रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख), निम्मा नफा धरता येतो. १४,६०,००० चे निम्मे ७,३०,०००. कर ३,३०,००० चे ५ टक्के १६,५००, तो रिबेटमध्ये गेला. दुसरं उत्पन्न नसेल तर देय शून्य आणि ९२,००० चा पूर्ण परतावा. विवरणपत्र भरलं नाही तर हे पैसे सरकारकडेच राहतील. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नेमकं उलटं आहे.

फी लिहिताना हातात पडलेले ८,२८,००० लिहू नका. बिल ९,२०,००० चं होतं, उत्पन्न तेवढंच. कापलेले ९२,००० हा खर्च नाही. ही चूक इतक्या वेळा दिसते की विभागाची संगणक यंत्रणाच ती पकडते. २६एएस मध्ये ९,२०,००० दिसतात आणि तुमच्या कागदात कमी.

२६एएस आणि एआयएस यांतही गल्लत होते. २६एएस हा कापलेल्या-भरलेल्या कराचा उतारा. एआयएसमध्ये व्याज, शेअर, म्युच्युअल फंड, जीएसटीची उलाढाल सगळं येतं. त्यात चूक असेल तर पोर्टलवर त्या नोंदीसमोर अभिप्राय देता येतो: रक्कम चुकीची, दुसऱ्याची, दोनदा आलेली. दुकानाची जीएसटी विवरणातली उलाढाल आणि इथली ६२ लाख जुळवून बघा. फरक असेल तर कारण कागदावर लिहून ठेवा.

घाई करू नका. जानेवारी ते मार्चचं टीडीएस विवरण भरायची कापणाऱ्याची मुदत ३१ मे. एप्रिलमध्येच विवरणपत्र भरलं तर शेवटच्या तिमाहीचा टीडीएस दिसतच नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फॉर्म १६ए (कापणाऱ्याने दिलेला टीडीएसचा दाखला) आणि २६एएस शेजारी ठेवून ताळा करा. एखाद्या कंपनीचा टीडीएस नसेल तर बहुतेक वेळा दोन कारणं असतात: पॅन चुकला, नाहीतर कापून भरलाच नाही. दोन्हीत दुरुस्ती कंपनीनेच करायची असते, म्हणून त्यांच्या हिशेबनीसाला ईमेल करा, तोंडी सांगून होत नाही.

अजून एक बारकावा. कंपनीने मार्चमध्ये बिल जमा दाखवून टीडीएस कापला आणि पैसे एप्रिलमध्ये दिले. वहिनी पैसे हातात आल्यावर उत्पन्न धरत असतील तर उत्पन्न पुढच्या वर्षी, टीडीएस या वर्षी असं होतं. टीडीएसचं श्रेय उत्पन्नामागून जातं, म्हणून तेवढा टीडीएस विवरणपत्रात पुढच्या वर्षासाठी ओढायचा. या वर्षी घेतला तर जुळणी बिघडते.

प्रश्न ४: व्याज करपात्रच. बँकेत टीडीएसची मर्यादा २०२५-२६ पासून वर्षाला ५०,००० (ज्येष्ठांना १ लाख). त्याखाली कापत नाहीत एवढाच अर्थ. पतसंस्था तर सभासदांच्या ठेवीवर बहुतेक वेळा कापतच नाही, म्हणून तिथलं व्याज लोक विसरतात.

---

वायरमन

दोघांचेही आभार. जिना कळला. पण दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या, त्या लपवून उपयोग नाही. जानेवारी २०२६ मध्ये पाच महिन्यांपूर्वी घेतलेले शेअर विकले, नफा ६०,०००. बाजारातले नोंदणीकृत शेअर आहेत. आणि माझ्या नावावर ऊस आहे, खर्च जाता १,१०,००० उरले. दूध संघाचं बिलही येतं, ९६,०००. ऊस आणि दूध दोन्ही शेतीच ना? एकूण अजून १२ लाखांच्या आतच, म्हणजे कर शून्यच ना?

---

रोजमेळ

नाही, इथे कर लागतो. आणि फॉर्मही बदलतो.

शेअर. बारा महिन्यांच्या आत विकले म्हणून अल्पकालीन भांडवली नफा. त्याला वेगळा दर आहे, २० टक्के. नव्या प्रणालीत ८७ए चा रिबेट फक्त टप्प्यांच्या कराला मिळतो, या खास दराच्या कराला नाही. एकूण उत्पन्न आता ५,८३,४००. टप्प्यांचा कर ६,१७० रिबेटमध्ये जातो, पण ६०,००० चे २० टक्के १२,००० राहतात. अधिक उपकर ४८०. देय १२,४८०.

तुमचं बाकीचं उत्पन्न ४ लाखांच्या आत असतं तर उरलेली जागा या नफ्याने भरून काढता आली असती. ते आधीच ओलांडलंय.

जुनी प्रणाली बघावी का? एलआयसी वजा करून नियमित उत्पन्न ४,७५,४००, पण शेअरसह ५,३५,४००. जुन्या प्रणालीत रिबेटची मर्यादा ५ लाख, ती ओलांडली. कर ११,२७० + १२,००० आणि वर उपकर. नवीच बरी.

दूध. दुधाचा धंदा हा आयकरात शेती नव्हे. चारा आपल्या रानातला असला तरी दूध संघाचं बिल धंद्याच्या उलाढालीत जातं. पैसे बँकेत आले असतील तर ९६,००० चे ६ टक्के, ५,७६०. खरा नफा जास्त असेल तर तो. हे वरच्या बेरजेत टाका, नफा एवढाच धरला तर टप्प्यांचा कर २८८ ने वाढतो आणि रिबेटमध्येच जातो.

ऊस. हा मात्र शेती, करमुक्त. पण शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर आणि बाकीचं उत्पन्न मूळ मर्यादेच्या (नव्या प्रणालीत ४ लाख) वर असलं की दर ठरवताना ते मोजतात. रीत अशी (दूध सोडून, समजायला सोपं):

५,२३,४०० + १,१०,००० = ६,३३,४०० वर कर ११,६७०
४,००,००० + १,१०,००० = ५,१०,००० वर कर ५,५००
फरक ६,१७०

तुमचा आकडा बदलला नाही, कारण दोन्ही बेरजा ५ टक्क्यांच्याच टप्प्यात आहेत. बाकीचं उत्पन्न ७.५ लाख असतं तर थोडा भाग १० टक्क्यांत ढकलला गेला असता. उसाची पट्टी, खत-मजुरीच्या पावत्या आणि सातबारा जपून ठेवा. "शेतीचं" म्हणून सांगितलेल्या पैशाला हाच आधार.

फॉर्म. अनुमानित धंद्याला साधारण आयटीआर-४, सुगम. पण अल्पकालीन भांडवली नफा सुगममध्ये बसत नाही, ५,००० हून जास्त शेतीउत्पन्नही बसत नाही. तुम्हाला आयटीआर-३. त्यातही ४४एडी लावता येतं, फक्त रकाने खूप. सुगम भरलात तर सदोष विवरणपत्राची नोटीस येते आणि दुरुस्तीला १५ दिवस मिळतात. वहिनींना दुसरं काही नसेल तर सुगम चालेल.

कुठलाही फॉर्म असो, ३१ मार्चची येणी, देणी, शिल्लक माल आणि रोख शिल्लक हे आकडे लागतात. "वह्या ठेवायच्या नाहीत" हे ऐकून लोक तिथे शून्य लिहितात. इलेक्ट्रिक दुकानात शिल्लक माल शून्य, हे कोण मानणार?

आगाऊ कर. वर्षाचा कर, टीडीएस जाता, १०,००० किंवा जास्त असेल तर तो वर्षातच भरायचा. सर्वसाधारण हप्ते १५ जून १५ टक्के, १५ सप्टेंबर ४५, १५ डिसेंबर ७५, १५ मार्च १००. ४४एडीवाल्यांना एकच, १५ मार्चला पूर्ण. तुमचे १२,४८० राहून गेले, म्हणून व्याज. जूनमध्ये भरलं असं धरा: २३४सी चं (हप्ता चुकल्याचं) एक महिन्याचं १ टक्का, २३४बी चं (आगाऊ कर न भरल्याचं) एप्रिल-मे-जून तीन महिन्यांचं ३ टक्के. रक्कम शंभराच्या पटीत खाली आणून १२,४०० वर: १२४ + ३७२ = ४९६. महिन्याचा एक दिवस गेला तरी पूर्ण महिना मोजतात. ३० जून आणि १ जुलैमध्ये १२४ रुपयांचा फरक.

---

खतावणी

चलन भरण्याआधी एक थांबा. यंदा वर्षाचा गोंधळ नेहमीपेक्षा मोठा आहे.

१९६१ च्या कायद्यात दोन वर्षं होती. ज्या वर्षी कमावलं ते पूर्ववर्ष, त्याच्या पुढचं करनिर्धारण वर्ष. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ च्या कमाईचं करनिर्धारण वर्ष २०२६-२७.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू. त्यात ही जोडी गेली, फक्त "कर वर्ष" राहिलं, आणि ते कमाईचंच वर्ष. म्हणजे एप्रिल २०२६ ते मार्च २०२७ हे कर वर्ष २०२६-२७.

आकडे तेच, वर्षं वेगळी. तुमचे शेअरचे १२,४८० आणि व्याज हे जुन्या कायद्याखाली, करनिर्धारण वर्ष २०२६-२७ मध्ये, प्रकार सेल्फ असेसमेंट टॅक्स, चलनातला कोड ३००. चालू वर्षाचा आगाऊ कर भरायचा तो कर वर्ष २०२६-२७ मध्ये. चुकीच्या वर्षात गेले तर पैसे बुडत नाहीत, पण विवरणपत्रात दिसत नाहीत आणि मागणी निघते. पोर्टलवर चलन दुरुस्तीची विनंती करता येते, तिला मुदत असते, म्हणून पावती निघाली की लगेच वर्ष वाचा.

कलमांचे आकडेही बदललेत. ४४एडी, ४४एडीए, ४४एई (मालवाहतूकदारांचं) हे तिन्ही नव्या कायद्यात कलम ५८ मध्ये एकत्र आले. ८०सी चं १२३ झालं. पण या वर्षीच्या विवरणपत्रात जुनेच आकडे. इंटरनेटवर नवे-जुने एकत्र वाचून डोकं फिरवून घेऊ नका.

रोजमेळ यांनी ४४एडी चा पाच वर्षांचा फास सांगितला नाही. एकदा ४४एडी घेतलं आणि पुढच्या पाच वर्षांत कधी त्याहून कमी नफा दाखवला, तर त्यानंतरची पाच वर्षं हे कलम बंद. उदा. २०२३-२४ ला घेतलं, २०२५-२६ ला "यंदा धंदा बसला" म्हणून ३ टक्के दाखवला, तर २०२६-२७ ते २०३०-३१ नाही. आणि एकूण उत्पन्न मूळ मर्यादेवर असेल तर त्या वर्षी वह्या, लेखापरीक्षण दोन्ही. ४४एडीए ला हा पाच वर्षांचा फास नाही. दलाली-कमिशनवाल्यांना आणि एजन्सीवाल्यांना तर ४४एडी मुळातच नाही. दुकानात मोबाइल रिचार्जचं कमिशन येत असेल तर ते वेगळं काढा.

---

मांडवीकाठ

गोव्यातल्या वाचकांसाठी, कारण वरचा हिशेब आमच्याकडे जसाच्या तसा चालत नाही. पोर्तुगीज नागरी संहितेच्या सामाईक मालमत्ता पद्धतीखाली येणाऱ्या जोडप्याला कलम ५ए लागतं. पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं. दुकानाचे ४,१४,००० असतील तर २,०७,००० ह्याचे, २,०७,००० तिचे. भाडं, व्याज, भांडवली नफाही तसाच. टीडीएसही त्याच प्रमाणात वाटला जातो. विवरणपत्रात ५ए ची वेगळी अनुसूची असते, तिथे जोडीदाराचा पॅन लागतो आणि दोघांचे आकडे एकमेकांशी जुळावे लागतात. सहज म्हणजे आयटीआर-१ अशांना चालत नाही, नुसता पगार आणि व्याज असलं तरी.

नेहमीची चूक: दुकानाचा मालक पूर्ण नफा आपल्याच नावावर भरतो. किंवा पर्वरीला फ्लॅट घेतला म्हणून मुंबईकर ५ए वर टिक करतो. फ्लॅट कुठे यावर हे ठरत नाही, तुमच्या लग्नाला कुठला मालमत्ता कायदा लागू यावर ठरतं. लग्नाआधी नोंदलेल्या कराराने मालमत्ता वेगळी ठेवली असेल तर ही वाटणी नाही.

---

वायरमन

कर वर्षाचा मुद्दा नसता वाचला तर चलन चुकलंच असतं. शेवटचं: व्यवसायकराचे २,५०० भरतो ते आयकरातून वजा होतात का? आणि विवरणपत्र भरल्यावर १४३(१) ची नोटीस येते म्हणतात, ती आली तर काय?

---

रोजमेळ

व्यवसायकर हा महाराष्ट्र शासनाचा, आयकर केंद्राचा. करातून वजा होत नाही. वह्यांवरून नफा काढणाऱ्याला तो धंद्याचा खर्च म्हणून मिळतो. तुम्ही ४४एडी मध्ये, म्हणून तो ६ आणि ८ टक्क्यांत आलाच. पोऱ्याच्या पगारातून कापायचा व्यवसायकर ही वेगळी नोंदणी, तो तुमच्या २,५०० मध्ये धरू नका.

१४३(१) ही नोटीस नव्हे, सूचनापत्र. तुमचे आकडे एका रकान्यात, विभागाचे शेजारच्या. शेवटची ओळ आधी बघा: देय शून्य, परतावा, की मागणी. मागणी असेल तर दोन्ही रकाने ओळीओळीने ताडून कुठे फरक पडला ते शोधा. बहुतेक वेळा टीडीएस, चलनाचं वर्ष किंवा रिबेट. तुमची चूक असेल तर सुधारित विवरणपत्र किंवा पैसे भरा. त्यांची असेल तर पोर्टलवरून दुरुस्ती अर्ज. खरी काळजी १४३(२) आली तर, ती छाननीची. तेव्हा सनदी लेखापाल गाठा.

कुठल्याही पत्रावर डीआयएन (त्या पत्राचा ओळख क्रमांक) असतो, तो पोर्टलवर टाकून पत्र खरं की खोटं बघता येतं. परताव्यासाठी दुवा दाबा म्हणणाऱ्या एसएमएसला हात लावू नका. वहिनींचे ९२,००० येणार आहेत, तेव्हा असा एखादा येऊ शकतो. परतावा फक्त पोर्टलवर आधी पडताळलेल्या बँक खात्यात येतो, आणि त्या खात्यावरचं नाव पॅनवरच्या नावाशी जुळायला हवं. लग्नानंतर एका ठिकाणी नाव बदललं, दुसऱ्या ठिकाणी नाही, यावर परतावे अडतात. ते आत्ताच तपासा. आणि विवरणपत्र भरून ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने पडताळा. नाहीतर ज्या दिवशी पडताळाल तीच भरल्याची तारीख धरतात, मुदत गेली असेल तर उशिराचं शुल्क लागतं: एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत १,०००, त्यावर ५,०००.